एकवीस किलोमीटर आणि वरचे साडेसत्त्याण्णव मीटर

जानेवारीतील तिसऱ्या रविवारी, पहाटे पाचच्या सुमारास, माहीमच्या रेतीबंदर परिसरातून हजारो माणसे अंधारातच धावू लागतात आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू, वरळी, हाजी अली, पेडर रोड, गिरगाव चौपाटी व मरीन ड्राइव्ह असा पल्ला पार करून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात पोहोचतात. मुंबई मॅरेथॉनमधील अर्धमॅरेथॉनचा गेल्या काही वर्षांतील मार्ग ढोबळमानाने असा आहे. त्यात वर्षागणिक लहानमोठे बदल होतात, त्यामुळे ज्याने नाव नोंदवले आहे त्याने त्या वर्षीचा नकाशा स्वतः पाहावा. या लेखाचा विषय त्या नकाशाच्या पलीकडचा आहे. सोसायटीच्या आवारात किंवा ट्रेडमिलवर नीट जमलेला वेग महानगराच्या रस्त्यावर एकवीस किलोमीटर का टिकत नाही, हे येथे समजून घ्यायचे आहे. सराव कमी पडला हे त्याचे एक उत्तर असतेच; पण पुष्कळदा सराव पुरेसा असतो आणि आकड्यांचा अर्थ लावण्यात चूक झालेली असते.

पहिला आकडा अंतराचा. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची असते, म्हणजे एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. हे विचित्र शेपूट पूर्ण मॅरेथॉनकडून आले आहे. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनची सुरुवात विंडसरच्या राजवाड्यापासून झाली आणि शेवट मैदानातील राजघराण्याच्या आसनांसमोर ठेवला गेला. ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर भरले आणि १९२१ साली तेच अधिकृत ठरले. अर्धमॅरेथॉनला ग्रीक दंतकथेचा आधार नाही की ऑलिंपिकमध्ये जागा नाही. ती निव्वळ भागाकारातून जन्मलेली शर्यत आहे. असे असूनही तिची स्वतंत्र जागतिक स्पर्धा १९९२ पासून होऊ लागली आणि २००४ साली ती नवी दिल्लीत भरली. मुंबई मॅरेथॉन सुरू झाली तेही २००४ हेच वर्ष.

हे अंतर रस्त्यावर मोजतात कसे, हे एकदा समजले की पुढचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात. मान्यताप्राप्त शर्यतीचा मार्ग मोटारीच्या मीटरने किंवा उपग्रहाच्या नकाशावरून मोजला जात नाही. तो सायकलने मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाच्या आसाशी जोन्स काउंटर नावाचा एक छोटा गणक बसवलेला असतो आणि चाक फिरेल तसा त्यातील आकडा पुढे सरकतो. आधी पोलादी टेपने मोजून घेतलेल्या सरळ पट्ट्यावर ती सायकल अनेकदा चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात हे ठरवले जाते आणि मग शर्यतीचा मार्ग मोजला जातो. ऊन चढले की टायरमधील हवा प्रसरण पावते आणि चाकाचा घेर किंचित वाढतो, म्हणून मोजणी संपल्यावर त्याच पट्ट्यावर पुन्हा एकदा पडताळणी होते. सायकलस्वार रस्त्याच्या मधून जात नाही. वळणावर कडेच्या दगडापासून ३० सेंटीमीटर अंतर राखून, एका वळणाच्या आतल्या बाजूकडून पुढच्या वळणाच्या आतल्या बाजूकडे शक्य तितक्या सरळ रेषेत तो जातो, कारण नियमानुसार धावकाला उपलब्ध असलेला सर्वांत जवळचा रस्ताच मोजायचा असतो. शिंपी जसा शिवणीसाठी बोटभर कापड जास्त सोडतो तसे, मोजणीतील चुकीने मार्ग आखूड पडू नये म्हणून दर हजारी एक या प्रमाणात अंतर मुद्दाम वाढवतात. अर्धमॅरेथॉनमध्ये ही वाढ एकवीस मीटरांची होते.

आता धावकाच्या मनगटावरील घड्याळाकडे पाहू. शर्यत संपल्यावर ते २१.३ किंवा २१.५ किलोमीटर दाखवते आणि लोक आयोजकांना नावे ठेवतात. यात दोष बहुतेक वेळा मार्गाचा नसतो. पहिले कारण असे की सायकलस्वाराने धरलेली ती सरळ रेषा गर्दीत कुणालाच धरता येत नाही. दहा मीटर रुंदीच्या रस्त्याला काटकोनी वळण असेल आणि धावक आतल्या कडेऐवजी बाहेरच्या कडेने गेला, तर एकाच वळणात तो सुमारे पंधरा मीटर जास्त धावतो. पुढच्याला ओलांडण्यासाठी डावीकडे जाणे, मग उजवीकडे येणे, पाण्याच्या टेबलाकडे वळणे आणि परत मध्ये येणे हे सारे त्याच खात्यात जमा होते. दुसरे कारण उपग्रहाच्या संकेतांचे आहे. उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून आलेला संकेत घड्याळाला उशिरा मिळतो आणि ते आपली जागा चुकीची समजते. पेडर रोडवर दोन्ही बाजूंना टोलेजंग इमारती आहेत, फोर्टमधील रस्ते अरुंद आहेत. अशा ठिकाणी घड्याळाने आखलेली रेघ अनेकदा इमारतींच्या आत शिरलेली दिसते. सागरी सेतूवर आकाश मोकळे असल्याने तेथे हाच त्रास फारसा होत नाही.

ही चूक किती महागात पडते याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्याला दोन तासांत शर्यत पूर्ण करायची आहे. त्यासाठी दर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद हा वेग लागतो. तो धावक घड्याळावर नेमका हाच सरासरी वेग राखतो, पण घड्याळाच्या हिशेबाने त्याचे अंतर २१.४ किलोमीटर भरते. मग शेवटची रेषा ओलांडताना त्याला २ तास १ मिनिट ३७ सेकंद लागलेले असतात आणि आपण तर योग्य वेगानेच धावलो, मग ही दीड-पावणेदोन मिनिटे कुठे गेली, हे त्याला कळत नाही. यावर जाणते धावक एक साधा उपाय करतात. घड्याळातील आपोआप किलोमीटर नोंदवण्याची सोय ते बंद करतात आणि मार्गावरील किलोमीटरच्या प्रत्येक अधिकृत पाटीपाशी स्वतः बटण दाबतात. पाटी खरी, घड्याळ अंदाजाचे, हे एकदा मान्य केले की डोके शांत राहते.

वेळेचेही दोन प्रकार असतात. शर्यत सुरू झाल्याचा इशारा होतो तेव्हापासूनची वेळ वेगळी आणि स्पर्धकाने सुरुवातीच्या रेषेवरील पट्टी प्रत्यक्ष ओलांडल्यापासूनची वेळ वेगळी. छातीवरील क्रमांकाच्या कागदाला, ज्याला सगळे ‘बिब’ म्हणतात, मागून एक पातळ चिप चिकटवलेली असते. रस्त्यावर अंथरलेल्या पट्ट्यांतून निघणाऱ्या रेडिओ लहरींनी ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. म्हणूनच बिब घडी घालू नये, दुमडू नये आणि त्यावर कमरेचा पट्टा बांधू नये. हजारोंच्या शर्यतीत मागच्या गटातील माणसाला सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचायलाच कित्येक मिनिटे लागू शकतात; ती मिनिटे चिपच्या वेळेत धरली जात नाहीत. अव्वल स्पर्धकांचे क्रमांक मात्र इशाऱ्यापासूनच्या वेळेवर ठरतात, कारण तेथे जो आधी पोहोचला तो आधी, एवढाच न्याय चालतो. उरलेल्यांना पूर्वीच्या शर्यतींतील वेळेनुसार निरनिराळ्या गटांत उभे करतात. आपली वेळ खऱ्यापेक्षा कमी सांगून पुढच्या गटात घुसण्याची हौस काहींना असते. त्यातून मागच्यांना अडथळा होतोच, शिवाय भोवतालच्या वेगाला बळी पडून स्वतःचाही घात होतो.

हा घात नेमका काय असतो, ते शरीराच्या बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही. सपाट रस्त्यावर धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलो वजनाच्या माणसाला अर्धमॅरेथॉनसाठी अंदाजे १,३७० किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या रूपात, भरल्या पोटी राहणाऱ्या माणसाच्या शरीरात साधारण १,६०० ते २,००० किलोकॅलरी असतात आणि बाकीचा भार चरबी उचलते. त्यामुळे पूर्ण मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरनंतर साठा आटून पाय जागीच थिजतात, तसे अर्धमॅरेथॉनमध्ये सहसा व्हायला नको. तरीही सोळाव्या किलोमीटरला भिंतीशी टेकून उभी असलेली माणसे दरवर्षी दिसतातच. कारण चरबी जळते सावकाश, साखर जळते झटपट, आणि वेग वाढवला की शरीर साखरेकडेच वळते. चुलीत ओंडका असूनही कुणी गवताच्या पेंढ्याच टाकत सुटले तर ज्वाळा मोठी होते, पण पेंढ्या लवकर संपतात. तसाच हा प्रकार आहे.

याच्याच जोडीला आणखी एक मर्यादा आहे, तिला प्रशिक्षक लॅक्टेट थ्रेशोल्ड म्हणतात. स्नायूंत साखर जळताना तयार होणारे लॅक्टेट एका ठरावीक वेगापर्यंत शरीर तितक्याच वेगाने वापरूनही टाकते. त्या वेगाच्या वर गेले की ते साठू लागते, श्वास फुलतो, आणि तो वेग फार वेळ टिकत नाही. साधारण एक तासभर जेमतेम टिकवता येईल तो वेग म्हणजे ही मर्यादा, असे ढोबळमानाने समजावे. आता एक गंमत पाहा. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२० साली दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये १ तास ० मिनिटे ३० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, म्हणजे दर किलोमीटरला २ मिनिटे ५२ सेकंद. त्यांच्यासाठी अर्धमॅरेथॉन जवळजवळ तासाभराची असल्याने ते ती आपल्या मर्यादेच्या काठावर धावू शकतात. ज्याला सव्वादोन किंवा अडीच तास लागणार आहेत त्याने मात्र स्वतःच्या मर्यादेच्या बऱ्यापैकी खाली राहिले पाहिजे, कारण त्याला तो भार दुप्पट वेळ वाहायचा आहे. म्हणून विजेत्यांच्या युक्त्या वाचून अडीच तासांच्या धावकाने आपली शर्यत आखणे मला मुळातच चुकीचे वाटते. अंतर तेच असले तरी शरीराच्या दृष्टीने या दोन वेगळ्या शर्यती आहेत.

आपण मर्यादेच्या खाली आहोत की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. शेजारच्याशी दोन-तीन छोटी वाक्ये बोलता येत असतील तर वेग ठीक आहे. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असेल तर तो जास्त आहे. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये ही परीक्षा सर्वांत जास्त उपयोगी पडते आणि नेमकी तेव्हाच कुणी ती घेत नाही. सकाळची गार हवा, ढोलताशे, अंधारात उजळलेला सागरी सेतू आणि दोन आठवड्यांच्या विश्रांतीने ताजे झालेले पाय, यांमुळे जास्त वेगही हलका वाटतो. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये दर किलोमीटरला वीस सेकंद वाचवून १ मिनिट ४० सेकंदांची कमाई करणारा माणूस शेवटच्या सहा किलोमीटरमध्ये दर किलोमीटरला एक मिनिट गमावून बसला, तर सहा मिनिटांचे कर्ज फेडतो. यासाठीच मोठ्या शर्यतींत झेंडे घेतलेले पेसर, म्हणजे ठरलेल्या वेगाने धावणारे वाटाडे, असतात. दोन तास, सव्वादोन तास अशी वेळ त्या झेंड्यावर लिहिलेली असते आणि त्यांच्या मागे धावणाऱ्या घोळक्याला धावकांच्या बोलीत ‘बस’ म्हणतात. आपल्या बसच्या पुढे न जाण्याचा निश्चय दहाव्या किलोमीटरपर्यंत पाळला तरी पुष्कळ झाले.

सागरी सेतूविषयी थोडे सांगायला हवे. २००९ साली खुल्या झालेल्या, जोडरस्त्यांसह ५.६ किलोमीटर लांबीच्या या पुलावर एरवी पायी जायला मनाई असते, त्यामुळे अनेक जण येथे थांबून छायाचित्रे काढतात. हौसेला मोल नाही. पण मध्ये थांबणाऱ्याने आधी कडेला यावे, कारण अंधारात मागून येणाऱ्या घोळक्याला अचानक थांबलेला माणूस दिसत नाही. पुलावरचा चढ डोळ्यांना फारसा जाणवत नाही, पायांना जाणवतो. वारा समोरून असेल तर एखाद्या घोळक्याच्या आडोशाने धावल्यास श्रम वाचतात.

मुंबईतील खरा प्रतिस्पर्धी मात्र हवा आहे. आपले शरीर फारसे काटकसरी इंजिन नाही: धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी पावभरच पुढे सरकण्याच्या कामी येते आणि उरलेली, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त, उष्णता होऊन बाहेर पडू पाहते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंबाथेंबाने रस्त्यावर गळला तर जवळजवळ काहीच घेऊन जात नाही. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम वाळायला जागाच उरत नाही. जानेवारीत कुलाब्याचे सरासरी किमान तापमान १९ अंशांच्या आसपास असते, म्हणजे मुंबईच्या मानाने गारवा. पण पहाटेची आर्द्रता जास्त असल्याने पुण्या-नाशिकच्या कोरड्या थंडीत सराव केलेला धावक येथे चकित होतो. पुण्यात ज्या वेगाने धावताना बनियन कोरडे राहत होते, त्याच वेगाने येथे ते पाचव्या किलोमीटरला पिळून काढावे असे होते.

उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर रक्त त्वचेकडे वळवते. घामामुळे रक्तातील पाणीही थोडे कमी होते. स्नायूंना लागणारे रक्त तर तेवढेच हवे असते. मग हृदयाला प्रत्येक ठोक्यात कमी रक्त मिळते आणि ते ठोके वाढवून भरपाई करते. परिणामी वेग तोच ठेवला तरी दुसऱ्या तासात नाडीचे ठोके मिनिटाला दहा-पंधराने वाढलेले दिसतात. याला इलाज नाही. दमट हवेत ठरवलेला वेग हट्टाने धरून ठेवण्यापेक्षा श्रम सारखे ठेवावेत आणि घड्याळावरील वेग थोडा उतरू द्यावा. सूर्योदय जानेवारीत सव्वासातच्या सुमारास होतो. पाचला निघालेला सव्वादोन तासांचा धावक उजाडता उजाडता पोहोचतो, तीन तासांचा धावक शेवटचा पाऊण तास उजेडात काढतो. म्हणजे जो सावकाश आहे त्यालाच ऊन जास्त लागते, आणि घाम धरून ठेवणारा सुती टी-शर्ट घालून येणाराही बहुधा तोच असतो.

पाण्याबाबत दोन टोकांचे सल्ले मिळतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. तहान लागेपर्यंत काही पिऊ नये असे नाही आणि प्रत्येक टेबलावर पेलाभर प्यालेच पाहिजे असेही नाही. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांच्या रक्ताची तपासणी केली तेव्हा त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेले आढळले. त्यामागचे सर्वांत ठळक कारण धावताना वजन वाढेपर्यंत पिणे हे होते. रक्त पातळ झाले की पाणी पेशींत शिरते आणि मेंदूला सूज येऊ शकते. डोके दुखणे, मळमळणे, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे ही त्याची लक्षणे आहेत आणि दुर्दैवाने ती पाणी कमी पडल्याच्या लक्षणांसारखीच दिसतात, त्यामुळे लोक आणखी पाणी पाजतात. जास्त वेळ रस्त्यावर राहणाऱ्या सावकाश धावकाला हा धोका वेगवान धावकापेक्षा अधिक असतो. स्वतःची गरज कळण्यासाठी सरावाच्या दिवशी धावण्यापूर्वी आणि नंतर वजन करावे. तासाभरात ८०० ग्रॅम वजन घटले आणि मध्ये २०० मिलिलिटर पाणी प्यालेले असेल, तर घाम साधारण एक लिटर गेला. तो सगळाच्या सगळा भरून काढण्याची गरज नसते. वजन थोडे घटलेलेच बरे. साध्या पाण्याच्या जोडीला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षार मिसळलेले पेय, किंवा मीठ-साखर घातलेले लिंबू पाणी घ्यावे आणि ते सरावात आधी पचवून पाहिलेले असावे.

खाण्याबाबत फार काही सांगण्यासारखे नाही. आदल्या रात्री वरण-भात, दही-भात असे ओळखीचे व कमी तिखट जेवण लवकर घ्यावे. मिसळ आणि उसळी दुसऱ्या दिवशीसाठी ठेवाव्यात. सुरुवात पहाटे पाचला असेल तर नाश्ता तीनच्या सुमारास करावा लागतो. त्या वेळी भूक नसते, म्हणून केळे किंवा ब्रेड-जॅम एवढे पुरते, पण त्याचीही सवय सरावाच्या रविवारी लावून घ्यावी. दीड तासाहून अधिक काळ धावणाऱ्याने साधारण पाऊण तासाने एखादे जेल, म्हणजे छोट्या पाकिटातला साखरेचा घट्ट पाक, घ्यावे. त्यात वीस-पंचवीस ग्रॅम साखर असते आणि ते पाण्यासोबतच घ्यायचे असते. वाटेत लोक संत्री, बिस्किटे, चॉकलेटे, गुळाची चिक्की प्रेमाने पुढे करतात. ते प्रेम मनापासून स्वीकारावे. चिक्की मात्र धावता धावता चावायची गोष्ट नव्हे.

हाजी अली मागे पडल्यावर, म्हणजे साधारण दोन तृतीयांश अंतर संपत आल्यावर, पेडर रोडचा चढ येतो. उंचीच्या हिशेबाने तो फार मोठा नाही. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागणारे लोक त्याला चढ म्हणायलाही तयार होणार नाहीत. त्याची कीर्ती त्याच्या जागेमुळे आहे: साखर निम्म्याहून अधिक संपलेली, ठोके वाढलेले आणि नेमका तेव्हाच चढ. चढावर सपाटीचा वेग ठेवायचा तर श्रम वाढतात आणि माणूस नकळत आपल्या मर्यादेच्या वर जातो. तेथे पावले आखूड करावीत, नजर दहा-पंधरा मीटर पुढे ठेवावी, श्वास आधीच्याच लयीत ठेवावा आणि किलोमीटरला वीस-तीस सेकंद जास्त लागले तर लागू द्यावेत. काही अंतर झपझप चालल्यानेही फारसे बिघडत नाही. केम्प्स कॉर्नरनंतरच्या उताराचा मोह अधिक घातक आहे. उतारावर टाच दाबून ब्रेक लावत उतरले की मांड्यांचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकसतात आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. ती लगेच कळत नाही; मरीन ड्राइव्हच्या सपाट, न संपणाऱ्या वळणावर कळते.

हे सगळे पेलण्याची तयारी बारा ते सोळा आठवड्यांची असते, तीही आधीपासून पाच-सात किलोमीटर सहज धावणाऱ्यासाठी. जानेवारीच्या शर्यतीसाठी ती सप्टेंबरअखेर सुरू करावी लागते, म्हणजे पहिला महिना ऑक्टोबर हिटमध्ये जातो. ते एका अर्थी बरेच असते, कारण दहा-चौदा दिवस उष्ण हवेत धावले की शरीर लवकर आणि जास्त घाम गाळायला शिकते. आठवड्यात तीन-चार वेळा धावावे. त्यातील बहुतेक अंतर गप्पा मारता येतील इतक्या सावकाश वेगाने आणि एक दिवस लांब पल्ल्याचे. हा लांब पल्ला हळूहळू १६ ते १८ किलोमीटरपर्यंत न्यावा. सरावातच पूर्ण एकवीस धावण्याची गरज नसते. येथे एक विसंगती ध्यानात ठेवली पाहिजे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारतात, पण घोट्यामागचा कंडरा, पायाची हाडे आणि गुडघ्याभोवतालचे अस्थिबंध यांना मजबूत व्हायला महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात दम टिकू लागल्यामुळे माणूस अंतर एकदम वाढवतो आणि नेमका तेव्हाच नडगी किंवा टाच धरते. शेवटच्या दहा-चौदा दिवसांत अंतर कमी करावे, थोडा वेग मात्र राखावा. त्या दिवसांत पाय जड वाटतात आणि आपला सराव विस्कटला अशी भीती वाटते. तसे काही नसते.

शहरात सराव करणाऱ्याला धुराचाही विचार करावा लागतो. विश्रांतीत मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेणारा माणूस धावताना साठ लिटर किंवा त्याहून जास्त घेतो, आणि तीही बरीचशी तोंडाने. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, त्यामुळे धूळ आणि धूर खालीच अडकतात. हवेचा निर्देशांक २०० च्या वर असेल त्या दिवशी लांब पल्ला पुढे ढकलणे शहाणपणाचे. दम्याच्या रुग्णांनी तर याबाबत तडजोड करूच नये.

हृदयाविषयी भीती आणि बेफिकिरी दोन्ही जास्त आहेत. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमध्ये धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीच्या वेळी बंद पडले होते, आणि अर्धमॅरेथॉनमधील प्रमाण पूर्ण मॅरेथॉनच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके होते. धोका अगदी लहान, पण शून्य नाही. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेल्या माणसाने सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. शर्यतीच्या आठवड्यात काढलेला कार्डिओग्राम हा केवळ मनाचे समाधान आहे. ताप असताना धावू नये. छातीत दडपण, चक्कर किंवा अचानक थंड घाम आला तर तेथेच थांबून स्वयंसेवकाला हाक मारावी.

शेवटची रेषा ओलांडल्यावर सर्वांत मोठी इच्छा असते ती जागीच बसण्याची, आणि तेच टाळायचे असते. धावताना पोटऱ्यांचे स्नायू आकसत-सैलावत पायांतील रक्त वर ढकलत असतात. पाय एकदम थांबले की हा पंप बंद पडतो, रक्त खालीच साचते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. पदक घेऊन दहा-पंधरा मिनिटे चालत राहावे, घोटघोट पाणी प्यावे, ओला शर्ट बदलावा. माहीमला दिलेली पिशवी येथे परत मिळते, पण तिच्यासाठी रांग असते, म्हणून तीत कोरडा शर्ट, चपला आणि थोडे खाणे ठेवलेले असावे.

मग सीएसएमटीचे स्थानक गाठायचे. भुयारी मार्गाच्या पायऱ्या चढताना काही वाटत नाही. उतरताना मात्र छातीवर अजून बिब असलेली माणसे कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी खाली येताना दिसतात. केम्प्स कॉर्नरच्या उताराने मांड्यांना जी इजा केली तीच येथे बोलू लागते, कारण पायरी उतरतानाही स्नायूला ताणले जात असतानाच भार झेलावा लागतो. हे दुखणे दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि आठवड्याभरात जाते. तोवर हलके चालावे, वेदनाशामक गोळ्या निदान पहिल्या दिवशी तरी घेऊ नयेत, कारण पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि बुधवारपर्यंत जिन्याऐवजी लिफ्ट वापरल्याबद्दल कुणाला काही स्पष्टीकरण देऊ नये.